कारखान्याच्या चिमणीतला कार्बन डायऑक्साईड चुन्यात धरता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहात, नोकरी सांभाळून एम.एस्सी. करताय आणि प्रकल्पासाठी धातूंच्या ऑक्साईडवर कार्बन डायऑक्साईड धरण्याचा विषय डोक्यात आहे. चुना कारखान्यात रोजच येतो. तो बारीक दळून बॉयलरच्या धुरात सोडला तर वायू पकडला जाईल का, त्याऐवजी मॅग्नेशियम ऑक्साईड बरं का, आणि यातून प्रकल्पाला काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

पकडला जाईल, यात शंका नाही. भिंतीला फासलेला चुना हवेतला हा वायू घेऊनच घट्ट होतो. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ व्हायची, तेही हेच रसायन. तेव्हा ‘धरतो का’ हे विचारायची गरज नाही. विचारायचं ते दोन गोष्टींबद्दल: तुमच्याकडे येणारा चुना तयार होताना किती वायू बाहेर गेला, आणि धरलेला वायू पुन्हा सोडवायला किती उष्णता लागेल. या क्षेत्रातलं बरंचसं काम दुसऱ्या गोष्टीभोवती फिरतं, पण तुमच्या बाबतीत पहिलीच आडवी येते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली की १०० किलो दगडातून ५६ किलो कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साईड, मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साईड भट्टीच्या तोंडातून निघून जातो. तो ५६ किलो चुना तुम्ही धुरात वापरला आणि एकही कण वाया गेला नाही असं धरलं, तरी तो ४४ किलोच परत घेणार. म्हणजे लोकापूर-बागलकोट पट्ट्यातल्या दगडातून भट्टीवर जो वायू सुटला, तेवढाच तुम्ही चिकोडीत परत धरलात. वर भट्टीचं इंधन आणि ट्रकचं डिझेल अंगावर पडलं ते वेगळंच.

आता आकारमान बघा. दिवसाला ५००० टन गाळप करणारा कारखाना घ्या. उसाच्या २८ टक्के बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरणारा चोथा, धरलं तर १४०० टन. पन्नास टक्के ओलाव्याच्या एक टन बगॅसमध्ये साधारण २३० किलो कार्बन असतो. तो जळून सुमारे ८५० किलो कार्बन डायऑक्साईड होतो. सगळं बगॅस जाळलं तर दिवसाला १२०० टनांच्या आसपास वायू चिमणीतून जातो. तो धरायला, चुना शंभर टक्के कामी आला असं मानूनही, रोज दीड हजार टन चुना हवा. तुमच्या लाईम स्टेशनवर, म्हणजे रसात घालायचा चुना जिथे विरवतात तिथे, दिवसाला आठ-दहा टन चुना लागत असेल. गोणीतला चुना एकदा वापरून टाकून द्यायचा हा मार्ग इथेच संपतो. प्रकल्पाच्या अहवालात हा हिशोब पहिल्या पानावर मांडा. परीक्षक तो विचारणारच आणि तो मांडला की पुढचं सगळं काम कशासाठी करताय हे आपोआप स्पष्ट होतं: तोच चुना पुन्हा पुन्हा वापरायचा. वायू धरायचा, बंद भांड्यात तापवून शुद्ध स्वरूपात सोडवायचा, साठवायचा, आणि मोकळा झालेला चुना परत धुरात पाठवायचा.

आता ऑक्साईडच्या पृष्ठभागावर नेमकं काय घडतं ते पाहू, कारण तुमचा ‘बारीक दळला तर’ हा प्रश्न तिथेच सुटतो. कार्बन डायऑक्साईड हा सौम्य आम्लधर्मी वायू. त्याच्या मधल्या कार्बन अणूला इलेक्ट्रॉनांची थोडी चणचण असते, कारण दोन्ही बाजूंचे ऑक्सिजन ते आपल्याकडे ओढून धरतात. ऑक्साईडच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे ऋणभारित आयन असतात. त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन द्यायला आहेत. वायूचा रेणू अशा आयनावर टेकला की त्याचा सरळ आकार वाकतो आणि तीन ऑक्सिजनचा कार्बोनेट गट तयार होतो. ऑक्साईड जितकं अल्कधर्मी तितकी पकड घट्ट. सिलिका इथे जवळपास निरुपयोगी. अल्युमिना, टायटॅनिया, झिर्कोनिया दोन्हीकडे झुकणारी, त्यामुळे मधली. मॅग्नेशियम ऑक्साईड चांगलं. कॅल्शियम ऑक्साईड त्याहून जोरकस.

एकाच ऑक्साईडवरच्या सगळ्या जागाही सारख्या नसतात. मॅग्नेशियम ऑक्साईडच्या सपाट पृष्ठभागावर प्रत्येक ऑक्सिजनला पाच मॅग्नेशियम शेजारी असतात, तो तृप्त असतो आणि वायूकडे फारसं लक्ष देत नाही. कडेवरच्याला चार, कोपऱ्यावरच्याला तीनच. खरी पकड होते ती या अपुऱ्या शेजाराच्या जागी. हायड्रॉक्सिल गटांवर बायकार्बोनेट बनतो, तो सर्वांत सैल; साधारण सव्वाशे अंशांपर्यंत तापवलं की सुटतो. दोन पायांवर टेकलेला कार्बोनेट दोनशेच्या आसपास सुटतो. एकाच ऑक्सिजनवर उभा असलेला कार्बोनेट सर्वांत हट्टी, तीनशेच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. तुमच्या विभागात एफटीआयआर, म्हणजे अवरक्त वर्णपटमापक, असेल तर हे तिन्ही वेगवेगळे दिसतात. बायकार्बोनेटची १२२० तरंगांकाजवळची रेघ ओळखायला सर्वांत सोपी.

आता क्षमतेचा हिशोब. पृष्ठभागावर एका रेणूला साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर जागा लागते. एक ग्रॅम ऑक्साईडचं पृष्ठफळ १०० चौरस मीटर असेल आणि त्यावर रेणूंचा एक थर पूर्ण भरला, तर तो होतो सुमारे ३६ मिलिग्रॅम. तोच एक ग्रॅम कॅल्शियम ऑक्साईड आतपर्यंत कार्बोनेट झालं तर ७८६ मिलिग्रॅम घेतं. बाजारातल्या कडक भाजलेल्या चुन्याचं पृष्ठफळ ग्रॅमला एक-दोन चौरस मीटर, म्हणजे त्याचा पहिला थर एक मिलिग्रॅमही भरत नाही. चुन्याच्या बाबतीत पृष्ठभाग हे फक्त दार आहे, माल आत भरतो. आणि हे दार लवकर बंद होतं, सगळी अडचण त्यात आहे.

दळण्याने का भागत नाही ते यावरून कळेल. चुन्याचा भरीव कण एक मायक्रॉनपर्यंत दळला तरी त्याचं पृष्ठफळ ग्रॅमला १.८ चौरस मीटरच्या आसपासच राहतं. याउलट चुनखडी हलक्या हाताने भाजली की दगडातून वायू बाहेर पडताना आपली जागा रिकामी सोडतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या एका मोलला ३६.९ घन सेंटिमीटर जागा लागते, ऑक्साईडला १६.९. खड्याचा बाहेरचा आकार तसाच राहिला तर आत निम्म्याहून जास्त पोकळी तयार होते. ही पोकळीच कामाची. तुम्हाला हे लाईम स्टेशनवर रोज दिसतं, फक्त या नजरेने पाहिलं नसेल: बेताने भाजलेला चुना पाणी लागताच फुलतो आणि वाफाळतो, जादा भाजलेला चुना सुस्त असतो, विरायला वेळ घेतो, चाळणीवर खडे राहतात. त्याची छिद्रं भट्टीतच मिटलेली असतात. पाण्यासाठी जी छिद्रं मिटली ती कार्बन डायऑक्साईडसाठीही मिटली.

वायू परत घेताना उलटा प्रकार होतो. १६.९ चं पुन्हा ३६.९ व्हायला लागतं, कण फुगतो, बाहेरून कार्बोनेटचं कवच चढतं. हे कवच साधारण ५० नॅनोमीटर जाड झालं की आतला चुना वायूपासून तुटतो; पुढचं काम घन थरातून झिरपण्याच्या गतीने, म्हणजे फार सावकाश चालतं. उष्माभार विश्लेषकावर, म्हणजे नमुना तापवत त्याचं वजन मोजणाऱ्या आणि आपण रोज ज्याला टीजीए म्हणतो त्या यंत्रावर, हे अगदी डोळ्यांसमोर घडतं. दहा मिलिग्रॅम ताजा भाजलेला चुना घ्या, नायट्रोजनमध्ये ६५० अंशांवर स्थिर करा आणि वायू बदलून १५ टक्के कार्बन डायऑक्साईड सोडा. वजनाची रेघ पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ उभी चढते, साडेपंधरा मिलिग्रॅमच्या आसपास पोचते आणि तिथे एकदम वाकते, कोपर असावं तशी. कोपरानंतर तासभर थांबलात तरी रेघ किंचितच वर जाते. त्या वाकण्याच्या जागी कवच पूर्ण झालेलं असतं. मी कुणाच्याही नमुन्याचा आलेख हातात आला की आधी शेवटचा आकडा पाहत नाही, हे कोपर कुठे आहे ते पाहतो. कारखान्यातल्या खऱ्या भट्टीत कण काही मिनिटंच राहतो, त्यामुळे कोपराच्या आधीचंच खरं.

आता तोच नमुना ९०० अंशांवर नेऊन वायू सोडवा, पुन्हा ६५० वर आणा, पुन्हा भरा. दुसऱ्या फेरीला कोपर थोडं खाली येतं, तिसऱ्याला आणखी. नैसर्गिक चुनखडीत पहिल्या फेरीला ७० टक्के चुना कामी येतो, दहाव्या फेरीपर्यंत पाव भाग उरतो. २००६ साली स्पेनमधल्या ग्रासा आणि अबानादेस यांनी ५०० फेऱ्यांपर्यंत जाऊन दाखवलं की ही घसरण शेवटी सात-आठ टक्क्यांवर येऊन थांबते. कारण आहे कण एकमेकांना चिकटणं. घन पदार्थातले अणू वितळबिंदूच्या खूप आधी हलू लागतात. कॅल्शियम ऑक्साईड २६०० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे ते तसं दणकट. कार्बोनेट मात्र पाचशे-साडेपाचशे अंशांपासूनच सैलावतो. प्रत्येक फेरीत बारीक कण कार्बोनेटच्या रूपात एकमेकांत मिसळतात आणि सोडवल्यावर जाडसर होऊन उरतात.

या सगळ्या अडचणींसह ही पद्धत प्रत्यक्ष चालते, हे सांगायलाच हवं. जपानच्या शिमिझू यांनी १९९९ मध्ये दोन तरंगत्या थरांच्या (वायूच्या झोतावर कण तरंगत ठेवणाऱ्या) भट्ट्यांची जोडी सुचवली: एकीत चुना धुरातला वायू घेतो, दुसरीत सोडतो, आणि चुना दोन्हींमध्ये फिरत राहतो. स्पेनमध्ये ला पेरेडा इथे १.७ मेगावॉट औष्णिक क्षमतेचा असा प्रायोगिक संच कोळशाच्या वीज केंद्राच्या धुरावर चालवला गेला. घसरलेल्या चुन्याचा थोडा भाग सतत काढायचा आणि ताजी चुनखडी घालत राहायची, हा त्यावरचा व्यवहारी उपाय. काढलेला चुना सिमेंटच्या कामी येतो. बागलकोटसारख्या सिमेंटच्या गावाजवळ ही जमेची बाजू ठरावी.

आता उष्णतेकडे या. बहुतेक प्रकल्प अहवाल इथे घाईत पुढे जातात, तुम्ही थांबा. चुना वायू घेताना दर मोलला १७८ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतो आणि सोडवताना तेवढीच मागतो. टनाच्या भाषेत हे झाले ४ गिगाज्यूल. ओल्या बगॅसचं खरं उष्मांक मूल्य किलोला साडेसात मेगाज्यूलच्या आसपास धरा, म्हणजे एक टन वायू सोडवायला, कसलीही गळती न धरता, अर्ध्या टनाहून जास्त बगॅस लागेल. आणि ते बगॅस जळून आणखी साडेचारशे किलो वायू तयार करेल. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण धरतानाची उष्णता ६५० अंशांवर परत मिळते आणि त्या तापमानावर उत्तम वाफ होते, टर्बाइन फिरतं. वायू धरण्याच्या दुसऱ्या रूढ पद्धतीत, म्हणजे अमाईन या अल्कधर्मी रसायनाच्या द्रावणात, उष्णता सव्वाशे अंशांच्या आत खर्ची पडते आणि परत येते ती चाळीस-पन्नास अंशांच्या कोमट पाण्यात, जिचं काही करता येत नाही. चुन्याचं बळ इथे आहे. सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्याला वाफेची किंमत वेगळी सांगायला नको.

तापमानांचे हे आकडे मनाला येतील तसे निवडलेले नाहीत. ६५० अंशांवर चुन्यावरचा कार्बन डायऑक्साईडचा समतोल दाब, म्हणजे ज्याच्या खाली चुना वायू धरत नाही तो दाब, जेमतेम ०.०१ वातावरण असतो. धुरात १२-१४ टक्के वायू असेल तर त्यातला बराचसा धरता येतो. ९०० च्या आसपास हा दाब एक वातावरण होतो, म्हणून शुद्ध वायू मिळवायचा तर तिथवर तापवावंच लागतं. आणि ती उष्णता हवेत बगॅस जाळून सरळ भट्टीत दिली तर हवेतला नायट्रोजन सुटलेल्या वायूत मिसळून सगळं मुसळ केरात. त्यासाठी शुद्ध ऑक्सिजन हवा किंवा बाहेरून तापवणारी भट्टी. तुमच्या बॉयलरचा धूर एअर हीटरनंतर दीडशे-एकशेसाठ अंशांवर बाहेर पडतो. त्या तापमानाला कोरडा चुना सुस्त असतो. म्हणजे चिमणीच्या बुडाशी चुना सोडून काही साधणार नाही. चुन्याची जोडी बसवायची तर बॉयलरच्या रचनेतच बसवावी लागते.

मग मॅग्नेशियम ऑक्साईड? कागदावर ते मोहात पाडतं. एक किलो ऑक्साईड पूर्ण भरलं तर एक किलोहून जास्त वायू घेतं, आणि सोडवायला चारशे अंशांच्या आसपास पुरतात. पण कोरडं, साधं मॅग्नेशियम ऑक्साईड प्रत्यक्षात ग्रॅमला दहा-वीस मिलिग्रॅम घेऊन बसतं. पृष्ठभागावरचा कार्बोनेट आत सरकत नाही, कारण आतली जाळी फार घट्ट आहे. सोडियम नायट्रेटसारखं क्षार चढवलं की चित्र पालटतं: ३०८ अंशांवर ते वितळतं, त्या पातळ थरात ऑक्साईड थोडं विरघळतं आणि कार्बोनेट होऊन बाहेर पडतं. क्षमता कित्येक पटींनी वाढते. तीनशे ते साडेतीनशे अंशांची ही खिडकी अरुंद आहे, फेऱ्यांगणिक वितळलेलं क्षार जागचं हलतं आणि कामगिरी ढासळते. संशोधनाला विषय उत्तम. पण तुमच्याकडे दोन सत्रं आणि एकच टीजीए असेल तर मी यात पडू नका म्हणेन.

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण बगॅसच्या धुरात आकारमानाने पाव भाग वाफच असते. पाणी सगळ्याच शोषकांचा शत्रू नसतं. झिओलाईट या सच्छिद्र खनिज शोषकाला ते मारतं. चुन्याला कमी तापमानावर ते हवंच असतं. बेळगावच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात भूल देण्याच्या यंत्रावरचा सोडा लाईमचा डबा बघा: रुग्णाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड त्यात धरला जातो, दाणे संपत आले की जांभळे पडतात. त्या दाण्यांत वजनाच्या साधारण १५ टक्के पाणी मुद्दाम ठेवलेलं असतं. वाळलेला सोडा लाईम नीट काम करत नाही. तापवून पुन्हा वापरायच्या ऑक्साईडचं एक सुंदर उदाहरण अंतराळातलं आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अंतराळवीर बाहेर पडताना जो पोशाख घालतात, त्यात चांदीच्या ऑक्साईडचे डबे वापरले गेले आहेत. श्वासातला वायू घेऊन त्याचं सिल्व्हर कार्बोनेट होतं आणि आत आल्यावर डबा सुमारे २०० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवला की ऑक्साईड पुन्हा तयार. पकड नेमकी हवी तेवढीच घट्ट. चांदीच्या भावात कारखाना चालणार नाही, पण पकड आणि सुटका यांचा मेळ कसा असावा हे त्यातून कळतं.

तुमच्या धुराची एक जमेची बाजू आणि एक खोड आहे. जमेची बाजू म्हणजे बगॅसमध्ये गंधक नगण्य. कोळसा किंवा कोक जळतो तिथे सल्फर डायऑक्साईड चुन्याला धरून बसतो, कॅल्शियम सल्फेट बनतं आणि ते ९०० अंशांनाही सुटत नाही. बेळगावच्या उद्यमबागमधल्या फाउंड्रीच्या क्युपोलावर, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या कोकच्या भट्टीवर, हाच प्रयोग केला तर चुना लवकर बाद होईल. खोड म्हणजे राख. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर आणि पोटॅशियमही असतं. सिलिका चुन्याला सिलिकेटमध्ये अडकवते, पोटॅशियमचे क्षार वितळून कणांना चिकटवतात. म्हणून प्रयोगात नुसता सिलिंडरचा शुद्ध वायू वापरून थांबू नका. चुन्यात पाच टक्के तुमच्याच बॉयलरची उडती राख मिसळून एक मालिका घ्या. त्या मालिकेचं मोल तुमच्या कारखान्यासाठी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त असेल.

आणि ज्या जागेकडे मी कुठल्याही कारखान्यात आधी बोट दाखवतो ती म्हणजे डिस्टिलरी. मळी किंवा सिरप आंबवताना दर लिटर अल्कोहोलमागे सुमारे ७५० ग्रॅम कार्बन डायऑक्साईड निघतो. रोज ६० हजार लिटरचा संच म्हणजे ४५ टन. हा वायू फर्मेंटरच्या तोंडावर जवळजवळ शुद्ध असतो, त्याला धरायला कुठलंच ऑक्साईड लागत नाही. वेगळं करण्याचं महागडं काम यीस्टने आधीच केलेलं असतं. पाण्याने धुवायचा, सक्रिय कोळशातून न्यायचा, वाळवायचा आणि दाबून द्रवरूप करायचा. वाळवण्यासाठी बहुतेकदा सक्रिय अल्युमिनाचे मनोरे असतात, म्हणजे धातूच्या ऑक्साईडचा पृष्ठभाग तिथेही कामाला आहेच, फक्त तो पाणी धरतो. चिमणीच्या १२०० टनांपुढे ४५ टन थोडे वाटतील, पण ते आजच्या आज धरता येतात. ऊस वाढताना हवेतूनच घेतलेला हा कार्बन. तो शीतपेयात गेला तर काही दिवसांत हवेत परत. तमिळनाडूतल्या तुतिकोरीनच्या एका रसायन कारखान्यात २०१६ पासून कोळशाच्या बॉयलरच्या धुरातला वायू धरून सोडा ॲश बनवायला वापरला गेला. अशा वापरात तो जरा जास्त काळ बांधलेला राहतो. जमिनीखाली कायमचा गेला तरच हवेतून कमी झाला म्हणायचं. तुमच्या अहवालात ‘धरला’ आणि ‘कमी केला’ हे शब्द एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका.

आता प्रकल्प. मी तुमच्या जागी असतो तर तीन नमुने घेतले असते आणि तिन्ही आपल्याच भागातले. पहिला, कारखान्यात चुना ज्या खाणीच्या दगडापासून येतो ती चुनखडी. दुसरा, डोलोमाईट, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्हींचा कार्बोनेट असलेला दगड. कलादगी खडकांत चुनखडीबरोबर डोलोमाईटही आहे, शोधायला लांब जायला नको. भाजल्यावर त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ऑक्साईडचे कण शेजारी शेजारी बसतात. ६५० अंशांवर मॅग्नेशियम ऑक्साईड वायू घेत नाही, पण कॅल्शियमच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतं. सुरुवातीची क्षमता कमी, ग्रॅमला जास्तीत जास्त ४५६ मिलिग्रॅम, पण घसरण मंद. तिसरा नमुना तुम्ही बनवायचा: चुना आणि अल्युमिना. बेळगावच्या हिंडाल्कोमध्ये बॉक्साईटपासून अल्युमिना होतो. तुम्हाला भाजलेला अल्फा अल्युमिना नको, त्याचं पृष्ठफळ अगदी थोडं आणि तो आळशी. अल्युमिना हायड्रेट मिळवा. विरलेल्या चुन्यात तो ओला घोटून, वाळवून हजार अंशांच्या आसपास भाजलात तर काही भाग मायेनाईट नावाचं कॅल्शियम अल्युमिनेट होतो आणि आधाराच्या भिंतींसारखा उरलेल्या चुन्याला तोलून धरतो. तीन चतुर्थांश मोकळा चुना उरेल असं प्रमाण ठेवा. एक्सरे विवर्तनासाठी विद्यापीठात नमुना पाठवून मायेनाईट झालंय याची खात्री करा, नाहीतर शेवटी कशाचं मोजमाप केलं हेच कळणार नाही.

तिन्ही नमुन्यांच्या किमान वीस फेऱ्या घ्या. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: सोडवण्याचा टप्पा शुद्ध नायट्रोजनमध्ये ७५० अंशांवर उरकू नका. तसं केलं की आकडे देखणे येतात, कारण कमी तापमानावर आणि वायू लगेच वाहून गेल्यामुळे कण चिकटतच नाहीत. प्रत्यक्षात सुटलेला वायू गोळा करायचा म्हणजे भोवती तोच वायू असणार आणि तापमान ९०० च्या पुढे जाणार. छापलेल्या शोधनिबंधांतही अनेकदा ही सोयीची अट दडलेली असते. तुलना करताना आधी ती तपासा. तुमचे आकडे त्यांच्यापेक्षा पडेल दिसले तरी घाबरू नका. क्षमता सांगताना आधाराच्या पदार्थाचं वजन धरूनच सांगा, कारण भट्टीत तोही तापवावा लागतो. नमुना उघड्या बशीत ठेवला तर तो रातोरात ओलावा आणि वायू घेतो, विशेषतः पावसाळ्यात. डेसिकेटरमध्ये ठेवा आणि प्रत्येक प्रयोगाआधी यंत्रातच एकदा भाजून घ्या.

चुना घोटताना चष्मा लावा, कळीच्या चुन्याने डोळा जायला वेळ लागत नाही. आणि डिस्टिलरीत नमुना घ्यायला गेलात तर फर्मेंटरच्या खड्ड्यात किंवा रिकाम्या टाकीत एकटे उतरू नका. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, दिसत नाही, आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. आधी हवा खेळवा, ऑक्सिजन मीटरने मोजा, वर दोरी धरून माणूस उभा असू द्या.

मार्गदर्शकांशी बोलून नमुन्यांचं ठरवा आणि गळीत सुरू व्हायच्या आत दगड मिळवा. हंगाम लागला की प्रयोगशाळेतून तुमची सुटका नाही. राखेचा नमुना मात्र हंगामाच्या मध्यावरचा घ्या, बॉयलर स्थिर चालू असताना. पहिल्या दहा फेऱ्यांचे आलेख आले की कळवा, कोपर कुठे पडतंय ते आपण बघू.